मागे कोण थांबलं होतं?

8 जुलै 2014 रोजी बेलो होरिझोंटेच्या मिनेराव मैदानावर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ब्राझीलने जर्मनीकडून 7-1 असा मार खाल्ला. त्याचं कारण कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं. नेयमार जायबंदी होता, कर्णधार थियागो सिल्वा निलंबित होता आणि घरच्या प्रेक्षकांसमोर पोरांचं अवसान गळालं. भारतात तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. विश्वचषक आला की कोल्हापुरात पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिना असे दोन तट पडतात, गोव्यात तर पिवळ्या जर्सीवर कित्येक घरं जीव टाकतात. तिथेही त्या सामन्याचा विषय निघाला की हीच तीन कारणं पुढे येतात. ती खोटी नाहीत, पण सात गोलांना पुरत नाहीत. अवसान गळाल्यामुळे एखादा गोल होतो, फार तर दोन. 23 व्या मिनिटापासून 29 व्या मिनिटापर्यंत चार गोल होतात, तेव्हा दोष बचावाच्या आखणीतच असतो.

हा दोष टीव्हीवर सहज दिसत नाही, कारण आपले डोळे चेंडूवर असतात. बचाव पाहायचा तर चेंडूपासून लांब पाहावं लागतं. चेंडू नसताना संघातले दहाजण एकमेकांपासून किती अंतरावर उभे आहेत, हा बचावाचा पहिला प्रश्न. मैदानाची लांबी साधारण 105 मीटर. चांगला संघ आपल्या सगळ्यात पुढच्या आणि सगळ्यात मागच्या खेळाडूत तीस-चाळीस मीटरपेक्षा जास्त अंतर पडू देत नाही. पुढच्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत जाऊन चेंडू हिसकावायचा ठरवला, तर मागच्यांनीही पुढे सरकायचं. मागच्यांना वर येण्याची भीती वाटत असेल, तर पुढच्यांनी खाली यायचं. दोन्ही पद्धती चालतात. चालत नाही ती अर्ध्यांनी एक आणि अर्ध्यांनी दुसरी पत्करण्याची गोष्ट. कबड्डीत साखळी धरून उभे असलेले दोघे एकदम झेपावले तर चढाईवाला सापडतो. एकटाच झेपावला की साखळी सुटते आणि चढाईवाला त्याच फटीतून निघून जातो.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा, आणि तो आपलं आक्रमण चालू असतानाच विचारायचा असतो. आत्ता या क्षणी चेंडू गेला, तर मागे कोण आहे? बचाव चेंडू गेल्यावर सुरू होतो, अशी आपली समजूत असते. खरं तर तो चेंडू पायात असतानाच मांडून ठेवावा लागतो. कोणी पुढे धावायचं आणि कोणी मोह आवरून जागेवर थांबायचं, हे आधी ठरलेलं नसेल तर चेंडू गेल्यानंतरची धावपळ नुसती धावपळच राहते.

ब्राझीलचे प्रशिक्षक लुईझ फेलिपे स्कोलारी यांना हे ठाऊक नव्हतं, असं म्हणणं हास्यास्पद ठरेल. 2002 चा विश्वचषक त्यांनीच ब्राझीलला जिंकून दिला होता, तोही योकोहामाच्या अंतिम सामन्यात जर्मनीलाच 2-0 असं हरवून. त्या संघात काफू आणि रॉबर्टो कार्लोस हे दोन्ही बगलांचे बचावपटू जवळजवळ विंगरच होते, सतत प्रतिस्पर्ध्याच्या कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत जाणारे. मात्र ते पुढे गेले की मागे लुसिओ, रॉके ज्युनियर आणि एडमिल्सन असे तिघे मध्यभागी राहत, आणि त्यांच्यापुढे गिल्बर्टो सिल्वा. रोनाल्डो, रिव्हाल्डो, रोनाल्डिन्यो हे त्रिकूट साऱ्या जगाच्या लक्षात राहिलं. पण सात सामन्यांत त्या संघाने फक्त चार गोल खाल्ले, ते या मागच्या चौघांमुळे.

2013 च्या कॉन्फेडरेशन्स चषकात स्कोलारींनी हीच गोष्ट वेगळ्या रीतीने साधली. आता बचावात तिघांऐवजी दोघेच मध्यभागी होते, थियागो सिल्वा आणि डेव्हिड लुईझ. बगलांना मार्सेलो आणि दानी अल्वेस, दोघेही पुढे धावणारे. पण मधल्या फळीतला लुईझ गुस्ताव्हो वेळ आली की खाली उतरून या दोघांच्या मध्ये उभा राहायचा. गरज पडली की मागे तिसरा माणूस तयार. त्या भरवशावर ब्राझील वर चढून चेंडू हिसकावायचा, आणि माराकानावरच्या अंतिम सामन्यात त्यांनी जगज्जेत्या स्पेनला 3-0 असं हरवलं. त्या रात्रीचा ब्राझील पाहिलेल्या कुणालाही वर्षभराने हे असं होईल, असं वाटलं नसतं.

2014 मध्ये ही रचना हळूहळू उसवत गेली, आणि स्पर्धा चालू असताना ते फारसं कुणाला जाणवलं नाही, कारण निकाल बाजूने लागत होते. फोर्तालेझातल्या उपउपांत्य सामन्याकडे बारकाईने पाहायला हवं. ब्राझीलने कोलंबियाला 2-1 हरवलं. त्या सामन्यात एकूण 54 फाउल झाले, त्यातले 31 ब्राझीलचे. नेयमारच्या पाठीत कोलंबियाच्या सुनिगाचा गुडघा बसला, मणक्याचं हाड मोडलं, आणि साहजिकच सगळी चर्चा तिकडे वळली. पण 31 फाउल करणारा संघ आपल्याविषयी काहीतरी सांगत असतो. चेंडू गेला की मधली फळी मोकळी पडत होती आणि प्रतिस्पर्ध्याला पाडणं हाच एक अडसर उरला होता. लुईझ गुस्ताव्हो त्या दिवशी कार्डांमुळे बाहेर होता. पंचांनी फार कार्डं दाखवली नाहीत, त्यामुळे ते निभावलं. त्याच सामन्यात थियागो सिल्वा कोलंबियाचा गोलरक्षक ओस्पिना चेंडू मारत असताना त्याच्या आडवा गेला, आणि त्याला स्पर्धेतलं दुसरं पिवळं कार्ड मिळालं. मैदानभर फाउल होत असताना कर्णधार निलंबित झाला तो असल्या बिनगरजेच्या कृतीमुळे, याची हळहळ मला अजून वाटते.

आता उपांत्य सामना. जर्मनीच्या मधल्या फळीत तिघे होते, श्वाइनस्टायगर, क्रूस आणि खेदिरा, शिवाय ओझिल आणि म्युलर आत सरकून मदतीला येणारे. त्यांच्यासमोर स्कोलारींनी दोघेच ठेवले, परतलेला लुईझ गुस्ताव्हो आणि फर्नान्डिन्यो. पुढचा ऑस्कर मुळात आक्रमणाचा माणूस. नेयमारच्या जागी पॉलिन्यो किंवा रामिरेस यांच्यापैकी एकाला घेऊन मधली फळी भरता आली असती. स्कोलारींनी घेतलं बर्नार्डला, बेलो होरिझोंटेच्याच चपळ, तरुण विंगरला. नेयमार नाही तर नेयमारसारखं कोणीतरी, हा विचार भावनेला पटतो. राष्ट्रगीताच्या वेळी डेव्हिड लुईझ आणि गोलरक्षक ज्युलिओ सेझार यांनी नेयमारची 10 क्रमांकाची जर्सी हातात धरली होती. गैरहजर माणसाचं दुःख कवटाळणाऱ्या संघाने त्याच्या जागी मधल्या फळीतला कष्टकरी घ्यावा, ही अपेक्षा त्या वातावरणात कदाचित जडच होती. पण प्रशिक्षक असतो तो त्याचसाठी. थियागो सिल्वाच्या जागी आला दान्ते, जो त्या स्पर्धेत तोवर एक मिनिटही खेळला नव्हता. म्हणजे बचावात मध्यभागी नवी जोडी, तिच्यापुढे अपुरी मधली फळी, आणि बगलांना मार्सेलो व मायकॉन यांना पुढे जायची पूर्ण मुभा. त्या रात्री तीनच माणसं बदलली, तरी बदलाचा भार पडला तो नेमका कमकुवत जागेवर.

पहिला गोल 11 व्या मिनिटाला, क्रूसच्या कॉर्नरवर. म्युलरवर नजर ठेवायची ती डेव्हिड लुईझने. म्युलर आधी थांबला, मग गर्दीला वळसा घालून लांबच्या बाजूला सरकला, आणि त्याच्यामागे निघालेला डेव्हिड लुईझ मधल्या गर्दीत अडकला. गोलपासून काही पावलांवर म्युलर एकटा उभा राहून चेंडूची वाट पाहतो आहे, हे दृश्य पुन्हा पाहिलं तरी विश्वास बसत नाही. माणसामागे माणूस लावला की प्रतिस्पर्धी असे आडोसे उभे करणारच. म्हणून आडोशामुळे सुटलेला माणूस दुसऱ्या कुणी घ्यायचा, हे आधी ठरवून ठेवतात. ते ठरलेलं दिसत नव्हतं.

तरीही 0-1 म्हणजे काही प्रलय नव्हता. 79 मिनिटं बाकी होती. अशा वेळी शहाणा संघ मध्यभाग बंद करतो, पाच-दहा मिनिटं चेंडू फिरवून श्वास घेतो. ब्राझीलने उलट केलं. फ्रेड, हल्क, ऑस्कर बरोबरीसाठी पुढे धावत सुटले, फर्नान्डिन्योही चेंडू हिसकावायला वर जाऊ लागला, मार्सेलो तर डाव्या बगलेवर कायमचाच पुढे. मागचे मात्र नव्या जोडीच्या धास्तीने खाली सरकत होते. या दोन तुकड्यांच्या मधे जी मोकळी जमीन तयार झाली, तिच्यात सामी खेदिरा हिंडत होता. तो चपळाईसाठी ओळखला जाणारा खेळाडू नाही. पण त्या अर्ध्या तासात तो मागून धावत येई आणि त्याच्यासोबत धावायचं काम नेमकं कोणाचं, हे ब्राझीलच्या एकाही खेळाडूला माहीत असल्याचं दिसत नव्हतं.

23 व्या मिनिटाला क्रूसने डीच्या दिशेने पास दिला, फर्नान्डिन्यो तो अडवायला झेपावला आणि चुकला. म्युलरने चेंडू क्लोजेकडे सोडला. त्याचा पहिला फटका ज्युलिओ सेझारने अडवला, परतलेल्या चेंडूवर दुसरा गोल. क्लोजेचा हा विश्वचषकातला 16 वा गोल, आणि त्याने विक्रम मोडला तो ब्राझीलच्याच रोनाल्डोचा. मिनिटभरात ओझिलने मार्सेलोच्या रिकाम्या बगलेतून लामला धाडलं, लामचा जमिनीलगतचा क्रॉस आला, म्युलरचा फटका हुकला, आणि डीच्या टोकाशी मोकळ्या उभ्या क्रूसने डाव्या पायाने तिसरा गोल केला. डीच्या टोकाची ती जागा मधल्या फळीतल्या बचावपटूची असते. तिथे पिवळी जर्सीच नव्हती.

चौथा गोल सावकाश पाहण्यासारखा आहे. ब्राझीलने मधून खेळ पुन्हा सुरू केला, चेंडू मागे गेला आणि मागून फर्नान्डिन्योकडे आला. तो स्वतःच्या गोलकडे तोंड करून उभा होता, पाठीमागे काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं. चेंडू घ्यायला जवळ आलेला सहकारी नाही, परत देण्यासाठी सोपी वाट नाही. तेवढ्यात क्रूस पाठीमागून आला, चेंडू काढून घेतला, खेदिराकडे दिला आणि थांबला नाही. ज्युलिओ सेझार पुढे आला तसा खेदिराने चेंडू पुन्हा क्रूसकडे सरकवला, समोर रिकामा गोल. 26 वं मिनिट. तिसरा आणि चौथा गोल यांत जेमतेम सव्वा मिनिटाचं अंतर. दोषाचं बोट फर्नान्डिन्योकडे गेलं. त्याची चूक होतीच. पण नुकताच तिसरा गोल खाल्लेल्या संघाने, मधल्या फळीत तिघांविरुद्ध दोघे असताना, आपल्या गोलकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला चेंडू द्यावा, हे एकट्या त्याचं पाप नाही. 29 व्या मिनिटाला हुमेल्स बचावातून चेंडू घेऊन वर आला, खेदिराने ओझिलशी देवघेव केली आणि पाचवा गोल. कोलंबियाविरुद्ध जो उपाय चालला, तो फाउलचा, तोही इथे हाताशी नव्हता. फाउल करायलासुद्धा माणूस जवळ असावा लागतो.

मध्यंतरात स्कोलारींनी फर्नान्डिन्यो आणि हल्कला काढून पॉलिन्यो आणि रामिरेसला आणलं, म्हणजे मधली फळी अखेर भरली. त्यानंतर ब्राझीलला खऱ्या अर्थाने संधी मिळाल्या. नॉयरला ऑस्कर आणि पॉलिन्योचे फटके अडवावे लागले. यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पाच गोल झाल्यावर सामना संपलेलाच असतो, आणि समोरच्यांची लाज काढायची नाही असं आपण मध्यंतरात ठरवलं होतं, हे हुमेल्सने नंतर सांगितलंच. तरी त्या बदलाची वेळ सामन्याआधी होती, हे उघड आहे. उरलेल्या वेळात बदली खेळाडू शुर्लेने दोन गोल केले, 90 व्या मिनिटाला ऑस्करने एक परत केला. फटके मारण्यात आणि चेंडू बाळगण्यात ब्राझील जर्मनीहून थोडा सरसच ठरला होता. आकडेवारीवर विसंबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. चेंडू किती वेळ होता यापेक्षा तो गेला तेव्हा संघ कसा उभा होता, याला बचावात जास्त मोल आहे.

कर्णधार हवा होता, हे मान्यच. थियागो सिल्वा मागच्या फळीला आवाज देणारा माणूस, आणि डेव्हिड लुईझला जागेवर ठेवणाराही तोच. पण चारच दिवसांनी ब्राझिलियात तिसऱ्या क्रमांकाचा सामना झाला. तेव्हा सिल्वा परतला होता, आणि तिसऱ्याच मिनिटाला एकटा पुढे सुटलेल्या रॉबेनला त्याने मागून ओढलं, पेनल्टी दिली गेली. नेदरलँड्सने तो सामना 3-0 असा जिंकला. दोन सामन्यांत दहा गोल. एका माणसाच्या नसण्याने दुसरा सामना समजावून सांगता येत नाही. दोन दिवसांनी स्कोलारी पदावरून गेले.

ब्राझीलमध्ये अशा पराभवाचं खापर फोडायला एक माणूस शोधण्याची सवय जुनी आहे, आणि तिचा मला मनापासून संताप येतो. 1950 मध्ये माराकानावर उरुग्वेने ब्राझीलला 2-1 हरवलं आणि विश्वचषक नेला. गोलरक्षक बार्बोसा 2000 साली वारला, तोवर त्या पराभवाचं ओझं त्याच्याच डोक्यावर होतं. उरुग्वेचे दोन्ही गोल उजव्या बगलेतून आले. गिगिया दोन्ही वेळा बिगोदेला चकवून पुढे गेला, एकदा त्याने पास दिला आणि एकदा स्वतः गोल मारला. पहिल्या गोलनंतर त्या बगलेवर दुसरा माणूस मदतीला का गेला नाही, हा प्रश्न बार्बोसाच्या गोलजाळीपासून बराच लांबचा आहे. 2014 नंतर बार्बोसाच्या जागी फर्नान्डिन्यो, डेव्हिड लुईझ आणि बिचारा फ्रेड आले. त्या फ्रेडचा तर गोल खाण्याशी काहीच संबंध नव्हता. स्वतःच्या देशाचे प्रेक्षक त्याच्या नावाने शिट्ट्या वाजवत होते.

खापर माणसावर फुटलं की आखणी तशीच राहते. तिते यांनी 2016 मध्ये संघ हाती घेतल्यावर बचाव खरोखर सुधारला, कारण कासेमिरो हा मागे थांबणारा माणूस त्यांनी पक्का केला. पण 6 जुलै 2018 ला कझानमध्ये बेल्जियमविरुद्ध कासेमिरो दोन पिवळ्या कार्डांमुळे बाहेर बसला, आणि त्याच्या जागी पुन्हा फर्नान्डिन्यो. बेल्जियमच्या प्रशिक्षकांनी, रॉबेर्तो मार्टिनेझ यांनी, लुकाकूला मुद्दाम मार्सेलो सोडून जातो त्या बगलेवर ठेवलं आणि डी ब्रॉइनला मध्यभागी. पहिला गोल फर्नान्डिन्योचा स्वयंगोल, तो दुर्दैवाचा. दुसरा दुर्दैवाचा नव्हता. ब्राझीलच्या कॉर्नरवर चेंडू सुटला, लुकाकूने तो आपल्याच हद्दीत घेतला, फर्नान्डिन्योला मागे टाकून अर्धं मैदान पळाला आणि डी ब्रॉइनकडे दिला. 31 वं मिनिट, 2-0. ब्राझील 2-1 असा हरला. सामन्यानंतर फर्नान्डिन्योवर आणि त्याच्या घरच्यांवर वर्णद्वेषी शिव्यांचा इतका भडिमार झाला की ब्राझीलच्या फुटबॉल महासंघाला निषेधाचं पत्रक काढावं लागलं.

चार वर्षांनी, 9 डिसेंबर 2022 ला, कतारमध्ये क्रोएशियाविरुद्ध जादा वेळेत नेयमारने अप्रतिम गोल केला आणि ब्राझील 1-0 असा पुढे गेला. आता चेंडू कोपऱ्यात नेऊन घड्याळ संपवायचं, एवढंच काम उरलं होतं. 117 व्या मिनिटाला ब्राझीलचा अर्धाअधिक संघ प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत होता, चेंडू तिथेच सुटला आणि क्रोएशिया मोकळ्या मैदानातून पळत निघाला. डावीकडून ओर्शिचने चेंडू मागे दिला, पेत्कोविचने फटका मारला, मार्किन्योसच्या पायाला लागून तो आत गेला. पेनल्टी शूटआउटमध्ये क्रोएशिया 4-2 जिंकला. संपूर्ण सामन्यात ब्राझीलच्या गोलच्या दिशेने अचूक गेलेला क्रोएशियाचा तो पहिलाच फटका होता, आणि तेव्हा ब्राझीलला मागे थांबण्याशिवाय दुसरं काहीही करायचं नव्हतं.